पीआयसीयूच्या दाराबाहेर बसणाऱ्यांसाठी नागपुरात काय करता येईल? (फुगे आणि बॅनर सोडून)

अजनीची_आत्या

नमस्कार मंडळी, थोडं लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मागच्या ऑक्टोबरात माझ्या भावाची मुलगी, सहा वर्षांची, डेंग्यूनं अ‍ॅडमिट होती. चार दिवस सणसणून ताप, पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला म्हणून आम्ही सगळे खूश, वहिनीनं वरणभात भरवला, आणि दुपारी पोट्टीचे हातपाय थंडगार, आधी पोट दुखतं म्हणून रडत होती मग रडणंही बंद. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की डेंग्यूत ताप उतरतो तीच वेळ खरी धोक्याची, तेव्हाच रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आणि बीपी पडतो. आम्हाला काय माहीत बाप्पा. अकरा दिवस पीआयसीयू, म्हणजे लहान मुलांचा आयसीयू, त्यातले चार दिवस व्हेंटिलेटरवर. आता घरी आहे, शाळेत जाते, भावाशी भांडते.

मला सांगायचंय ते दाराबाहेरचं. दार उघडायचं, एक ब्रदर ओरडायचा "बेड चारचे नातेवाईक!" आणि आमच्या पोटात गोळा. दहापैकी नऊ वेळा औषधाची चिठ्ठी असायची. पण प्रत्येक वेळी वाटायचं, झालं, संपलं. भेटायला दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं, एकच जण. दुसऱ्या दिवशी वहिनी आत गेली तर पोरीचे दोन्ही हात पट्टीनं पलंगाला बांधलेले. ती बाहेर आली आणि भिंतीला टेकून खालीच बसली. नळी ओढू नये म्हणून बांधतात हे आम्हाला सहाव्या दिवशी समजलं, तेही एका मावशीनं झाडू मारता मारता सांगितलं म्हणून. भिंतीवर वाचायला एकच बोर्ड होता, डॉक्टरांवर हल्ला केला तर तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार दंड, २०१० चा कायदा. अकरा दिवसांत पाठ झाला.

आता परवा कळलं की दरवर्षी जगभर पीआयसीयू जागरूकता आठवडा पाळतात, मुलांच्या आयसीयूवाल्यांची एक जागतिक फेडरेशन आहे, १९९७ ची, ते लोक करतात. तर मनात आलं आपल्याकडेही काही करावं. पण काय करावं? सोसायटीत विचारलं तर एकजण म्हणे रॅली काढू, एकजण म्हणे फुटाळा तलावावर निळे फुगे सोडू. मला ते काही पटून नाही राहिलं. ज्यांनी भोगलंय किंवा जे आत काम करतात त्यांनी सांगा.

तर्री_जास्त

ताई, राग नका मानू पण जागरूकता कोणाची करायची? ज्याचं पोट्टं आत आहे तो जागाच आहे, रात्रभर. ज्याचं नाही तो फुगा बघून घरी जाईल. तुमच्या सोसायटीवाल्यांना म्हणा आधी कुंड्यांमधलं आणि कूलरमधलं पाणी फेका, तेवढ्यानंच दोन बेड रिकामे राहतील.

नाईट_ड्युटी_सिस्टर

मी बारा वर्षं पीआयसीयूत आहे, कुठल्या ते नाही सांगत. आत्या, तुमचं वाचून आधी वाईट वाटलं मग थोडा रागही आला, दोन्ही खरं सांगते.

हात बांधायच्या आधी आईला सांगायला पाहिजे होतं, त्यात वाद नाही, आमचंच चुकतं ते. पण रात्री आम्ही दोघी आणि सात बेड, त्यातली तीन पोरं व्हेंटिलेटरवर. एका पोराची नळी साफ करत असताना दुसऱ्याचा पंप वाजतो, तिसऱ्याचं बोटाचं लाल लाइटवालं क्लिप निघतं आणि मॉनिटर बोंबलतो. बाहेरच्यांना वाटतं एवढं वाजून राहिलं आणि ह्या बाया गप्पा मारत बसल्या. बहुतेक वेळा ते निघालेलं क्लिपच असतं, किंवा पोरानं पाय हलवलेला असतो. आम्हाला आवाजावरून समजतं कुठल्याला धावायचं. हे कोणी नातेवाइकांना पहिल्या दिवशी पाच मिनिटं बसवून सांगितलं तर अर्धी भीती जाईल, पण ती पाच मिनिटं कोणाकडे आहेत?

एक गोष्ट सांगते. गडचिरोलीतल्या एटापल्लीकडची एक आई आली होती, गोंडी सोडून काही येत नाही, नवरा पैशाच्या मागे गावाला गेलेला. तीन दिवस ती दारापाशी बसून, आम्ही मराठीत बोलायचो, डॉक्टर हिंदीत बोलायचे, ती मान हलवायची. आम्हाला वाटलं समजलं. चौथ्या दिवशी आमच्या एका आयाबाईची भाची भेटायला आली, तिला गोंडी येत होतं. तेव्हा समजलं की त्या बाईला वाटत होतं पोरगा कधीच गेला आणि आम्ही तिला पैशासाठी सांगत नाही आहे. पोरगा बरा होऊन राहिला होता हो! तिला हाताला धरून आत नेलं, त्याचं बोट तिच्या मुठीत दिलं, तेव्हा कुठे ती रडली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

काही करायचंच असेल तर एक कागद बनवा. मराठी, हिंदी आणि गोंडीत, चित्रं काढून. व्हेंटिलेटर म्हणजे काय, हात का बांधतात, कुठला आवाज कशाचा, सूज का येते. वाचता न येणाऱ्यासाठी मोबाईलवर आवाजात.

बेड_दोनचा_बाप

सिस्टर, तुमच्यासारख्या एकीनंच आम्हाला वाचवलं होतं, धन्यवाद लिहायचं राहिलं होतं ते इथे लिहितो.

माझा मुद्दा वेगळा आहे, डिस्चार्जनंतरचा. कोणीच बोलत नाही त्याबद्दल. माझा मुलगा आठ वर्षांचा, स्क्रब टायफस झाला होता, गवतातला किडा चावून होतो तो, काखेत काळी खपली होती ती आम्हाला दिसलीच नाही. व्हेंटिलेटरची नळी काढल्यावर पहिले दोन दिवस त्यानं आईला ओळखलं नाही. छतावर मुंग्या आहेत म्हणे, आणि ह्या बाईला बाहेर काढा म्हणे. बायको पार कोसळली. डॉक्टर म्हणाले डेलिरियम आहे, म्हणजे भ्रम, झोपेच्या औषधांनी आणि आजारानं होतं, उतरेल. उतरलं. पण घरी आल्यावर आवाज बसलेला, जिना चढताना पाय लटपटत, रात्री लाइट बंद केला की किंचाळायचा, आणि कधीचीच कोरडी राहणारी पॅन्ट परत ओली व्हायला लागली, सॉरी जास्तच सांगून राहिलो. आणि मी! रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचा पीप पीप ऐकला की अजून छातीत धडधडतं. सीताबर्डीवर एकदा स्कूटी बाजूला लावून बसलो होतो दहा मिनिटं.

फाइलवर लिहिलं होतं "कंडिशन ॲट डिस्चार्ज : स्टेबल".

डॉ_कमी_झोप

मी बालरोगतज्ज्ञ, इन्टेन्सिव्ह केअर करतो. बेड_दोनचा_बाप, तुम्ही जे सांगितलं त्याला नाव आहे, पोस्ट इन्टेन्सिव्ह केअर सिंड्रोम. मुलांसाठी त्याची वेगळी मांडणी २०१८ मध्ये झाली, आणि त्यात मुलाच्या शरीर-मनाबरोबर आईबाप आणि भावंडंही धरलेली आहेत. म्हणजे तुमची धडधड हाही त्याच आजाराचा भाग समजा. महिनाभरात कमी होत नसेल तर दाखवा, लाजू नका. मुलाचंही फॉलोअपला नुसतं वजन आणि रिपोर्ट बघून सोडू नका म्हणावं, झोप, भीती, अभ्यास सगळं विचारायला लावा.

आता आत सोडण्याबद्दल. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिननं कुटुंबाबद्दलच्या गाइडलाइन्स काढल्या, नवजात, मुलं आणि मोठे तिन्ही आयसीयूंसाठी. त्यात आहे की घरच्यांना पलंगापाशी थांबू द्यावं, राउंडच्या वेळी बोलवावं, अगदी सीपीआर, म्हणजे छाती दाबून बंद पडलेलं हृदय चालवणं, चालू असतानाही थांबायचा पर्याय द्यावा, सोबत एक स्टाफचा माणूस ठेवून. पुरावा फार भक्कम नाही असं त्यांनीच लिहिलंय, पण दिशा स्पष्ट आहे. आपल्याकडे लगेच "इन्फेक्शन होईल" म्हणतात. अहो, हात धुतलेली, सर्दी-खोकला नसलेली आई फारसा धोका नाही. न धुतलेले हात हा धोका, आणि ते आमचेही असू शकतात.

पण माझीही बाजू ऐका. एका पेशंटमागे गावाहून जीपभर माणसं येतात, सगळ्यांना आत यायचं असतं, एकदा आमच्याकडे काच फुटलेली आहे. तो २०१० चा बोर्ड हौस म्हणून नाही लावलेला. आणि तरी मला वाटतं, बाहेर कोणाला काही सांगत नाही म्हणूनच काच फुटते.

एक जुनी गोष्ट. १९५२ ला कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, श्वास बंद पडणारे पेशंट, त्यात मुलं भरपूर, आणि मशीन मोजकी. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला बाहेरून छेद देऊन नळी टाकली आणि हातानं रबरी पिशवी दाबून तिला जगवलं. मग सुमारे १५०० मेडिकलचे विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले, तासन् तास, पेशंटच्या उशाशी. आयसीयू तिथून सुरू झाला, आणि १९५५ ला स्वीडनच्या गोटेबर्गला मुलांचा वेगळा. म्हणजे सुरुवातीला उशाशी माणूस होताच. मशीन आलं आणि माणूस दाराबाहेर गेला.

हिशोबी_हिंगणा

भावनेचं झालं, पैशाचं बोला. अर्धे लोक बाहेर बसून तेच करत असतात, कोणाला फोन लावू.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. हॉस्पिटल यादीत आहे का आणि आजार बसतो का हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, विचारा, त्याचा काउंटर असतो, कधीकधी जिन्याखाली लपवलेला. लहान पोराचं नाव रेशन कार्डावर नसतं आणि तिथेच गाडी अडते, तेव्हा जन्मदाखला घेऊन जा. दुसरं, ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के बेड गरिबांसाठी फुकट आणि १० टक्के सवलतीत ठेवावे लागतात. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, विचारलं तरी आधी सोशल वर्कर जेवायला गेलेला असतो, पण बसून राहायचं, हटायचं नाही. आणि हे पहिल्या दिवशी करा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

सिस्टर म्हणून राहिल्या तो कागद काढला तर मागच्या बाजूला हे छापा.

नाव_नको

इथे सहसा लिहीत नाही. आमचा मुलगा परत आला नाही. तीन वर्षं झाली.

ह्या आठवड्यांमध्ये बरे होऊन हसणाऱ्या मुलांचे फोटो असतात, आधी आणि नंतर. चांगलंच आहे, कोणाला आवडणार नाही. पण आमच्यासारखे मग कुठे जातात? आम्हीही तिथेच बसलो होतो, त्याच जिन्यात, त्याच लोकांचा डबा खाल्ला, बालाघाटच्या एका बाबांनी माझ्या बायकोला त्यांची गोधडी दिली होती.

शेवटच्या रात्री एका सिस्टरनी नियम मोडून आम्हा दोघांना आत घेतलं. बायकोनं त्याचे केस विंचरले. तेलही लावलं थोडं, सिस्टरनं कुठून तरी आणलं. तो अर्धा तास नसता मिळाला तर आज आम्ही दोघं कसे असतो माहीत नाही. आणि सकाळी त्याची चप्पल आणि पाण्याची बाटली मात्र काळ्या कचऱ्याच्या पिशवीत घालून दिली, बिलासोबत. कोणी मुद्दाम नाही केलं. पण कापडी पिशवी किती रुपयांना येते हो.

नाईट_ड्युटी_सिस्टर

दादा, पिशव्या मी शिवून आणीन. आमच्या वॉर्डापुरत्या तरी.

अजनीची_आत्या

दोन दिवस लिहिलं नाही, कारण नाव_नको यांचं वाचून लिहिवेना. दादा, तुमच्या वहिनींना माझा नमस्कार सांगा, म्हणजे तुमच्या मिसेसना, गडबडीत काय लिहून राहिले मी.

भावाशी बोलले, वहिनीशीही. वहिनीनं एक वही दाखवली, तिनं त्या अकरा दिवसांत लिहिलेली, मला पत्ताच नव्हता. "आज डोळे उघडले. आज डाव्या हाताला सूज. आज सिस्टरनं तुझ्या वेण्या घातल्या." पोरीला त्यातलं काहीच आठवत नाही, आता ती रोज रात्री तीच वही वाचून दाखव म्हणते, गोष्टीसारखी. डॉक्टरसाहेब, हे बरं आहे ना पोरीसाठी?

डॉ_कमी_झोप

चांगलंच आहे. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वेत नर्स आणि घरचे मिळून अशा डायऱ्या लिहितात, त्या २०१७ च्या गाइडलाइन्समध्येही सुचवलेल्या आहेत. ऐकून घाबरत असेल तर थांबवा, स्वतःहून मागत असेल तर वाचा.

अजनीची_आत्या

मग ठरवते. रॅली रद्द. एक, तो कागद, मराठी आणि हिंदी मी लिहिते, सिस्टर आणि डॉक्टर तपासून देतील का? मागे हिंगणावाल्या भाऊंचा मजकूर. गोंडीसाठी कोणी ओळखीचं असेल तर मेसेज करा, आवाज रेकॉर्ड करायचाय, पाच मिनिटांचं काम आहे. दोन, शंभर पानी वह्या आणि पेन, माझ्या भिशीच्या मैत्रिणी द्यायला तयार आहेत. तीन, एका हॉस्पिटलनं दाराबाहेर बसायची सोय करायला परवानगी दिली आहे, तोंडी दिली आहे, पण दिली आहे. दहा हजार जमलेत. लोखंडी बाक घेऊ का खुर्च्या? तो तीन सीटांचा बाक बरा दिसतो, बसस्टँडवर असतो तसा.

बेड_दोनचा_बाप

तो बाक नका घेऊ ताई. त्याला मधे हात असतात, आडवं होता येत नाही. सतरंज्या घ्या, आणि मोबाईल चार्जिंगचा एक बोर्ड बसवून घ्या.