मदत हवी आहे: जन्मापासून उजवा हात अधू, आता डावाही दुखतोय

नमस्कार. जन्माच्या वेळी खांदा अडकल्यामुळे माझ्या उजव्या हाताच्या नसांना इजा झाली. मानेतून हाताकडे येणाऱ्या ५ नसांच्या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. त्यातल्या वरच्या २ ताणल्या गेल्या. हात खांद्याच्या वर जात नाही, तळहात वर वळत नाही. बोटं मात्र चालतात, म्हणून बघणाऱ्याला काही जाणवत नाही आणि प्रत्येकाला नव्याने समजावून सांगावं लागतं. मला त्याचाच जास्त थकवा येतो.

खरी काळजी आता डाव्या हाताची आहे. आयुष्यभर सगळा भार त्यानेच उचलला. आता मनगट आणि खांदा सतत ठणकतो. डॉक्टर म्हणतात, अतिवापर आहे, कामाची पद्धत बदला.

संगणकावर स्टिकी कीज चालू केल्या आहेत (शिफ्ट, कंट्रोल दाबून धरावं लागत नाही, खूपच सोय होते). बोलून टायपिंगही करते, पण ऑफिसात सगळे एकाच खोलीत बसतो, तिथे ते जमत नाही. डाव्या हाताचा उभा माऊस (हस्तांदोलन करताना धरतो तसा हात ठेवून वापरायचा) कुणी वापरलाय का? की ट्रॅकबॉल (माऊस न सरकवता नुसता वरचा गोळा फिरवायचा) बरा? घरी भाजी चिरायला खिळ्यांचा चॉपिंग बोर्ड (भाजी खिळ्यांत खोचून एका हाताने चिरता येते) घ्यावा म्हणते, तो रोजच्या वापरात टिकतो का?

आणि साहेबांकडे मागायचं कसं? फायली खालच्या कप्प्यात आणि मधेमधे थोडी विश्रांती, एवढंच हवंय. डॉक्टरांच्या चिठ्ठीत पूर्ण निदान लिहून घ्यावं, की फक्त काय जमत नाही तेवढंच? ज्यांनी असं मागून मिळवलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.