मागच्या अंगणात लाकडी डेक की फरशीचा ओटा? खान्देशातल्यांचे अनुभव हवेत

मंडळी, जळगावला आमचं घर गेल्या दिवाळीत पूर्ण झालं, आता मागची जागा उरलीये, साधारण २२ बाय १४ फूट, खाली पक्की काळी जमीन. बायकोने सापुताऱ्याला एका रिसॉर्टवर लाकडी डेक बघितला तेव्हापासून तिला तसाच हवाय, आणि खरं सांगायचं तर मलाही संध्याकाळी तिथे अनवाणी बसायला फार आवडलं होतं. पण सापुतारा डोंगरावर आहे, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. वडिलांना विचारलं तर एवढंच म्हणाले, "उन्हायामा त्यावर पाय ठेवता ई का?" आईला उन्हाळ्यात बिबडे, कुरडया वाळत घालायला जागा पाहिजे, आखाजीला (अक्षय तृतीयेला) बहिणी येतात तेव्हा झोकाही बांधायचाय. ज्यांनी यातलं काहीही केलंय त्यांनी लिहा, किती वर्षं झाली, काय बिघडलं, परत करायचं झालं तर काय बदलाल. फोटो पुष्कळ बघून झालेत, मला वापरणाऱ्या माणसाचं ऐकायचंय.

भुसावळ

भाऊ, वर काय टाकायचं ते नंतर, आधी खालचं बघा. आम्ही २०१७ ला पेव्हर ब्लॉक बसवले. ठेकेदाराने काळी माती नुसती वरवर सपाट केली, दोन इंच कच टाकली आणि ब्लॉक मांडून मोकळा झाला. पहिल्याच पावसाळ्यात मधला भाग फुगला, उन्हाळ्यात कडेला अशी भेग पडली की माझा हात मनगटापर्यंत आत जायचा, आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर खुर्ची सरळ उभी राहीना. मग ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना आणलं, ते बघूनच म्हणाले, "कायी जमीन से भाऊ, ती फुगस आन फाटस." त्यांनी अडीच फूट माती काढायला लावली, मुरूम भरला, तोही एकदम नाही, सहा-सहा इंचाचे थर, प्रत्येक थरावर पाणी मारायचं आणि धुमसाने ठोकायचं, आठवडा गेला त्यात. मग तेच जुने ब्लॉक परत बसवले. चार पावसाळे झाले, एकही हललेला नाही. उतार घराकडून बाहेर द्या, आठ फुटाला एक इंच तरी, नाहीतर पाणी पायाजवळ मुरतं आणि मग घराच्या भिंतीलाही भेगा जातात.

चोपडा

आमचा डेक होता, 'होता' असंच लिहावं लागतंय. पाइनचं लाकूड, वरून छान पॉलिश, पण सुताराने खालचे पाय सरळ जमिनीत गाडले आणि आम्हालाही तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं. दोन वर्षं मस्त गेली, सकाळचा चहा तिथेच. तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत पाणी ओतलं तर एका फळीवर पाय टाकताच ती आत गेली, उचलून बघितली तर वरचा पापुद्रा तेवढा शाबूत आणि आतून सगळं वाळवीने पोखरलेलं, मातीच्या नळ्या पायापासून वरपर्यंत चढलेल्या. फार वाईट वाटलं. नंतर गावातल्याच सुताराने समजावलं की सागाचा आतला गाभाच वाळवीला दाद देत नाही, त्याच सागाचं कडेचं पांढरं लाकूड ती खातेच, म्हणून नुसतं 'साग आहे' म्हटलं की विश्वास ठेवायचा नाही, फळी बघून घ्यायची. आता आम्ही लोखंडी अँगलची फ्रेम केलीये, ती सिमेंटच्या ठोकळ्यांवर जमिनीपासून फूटभर वर, म्हणजे खाली वाकून वाळवीची नळी दिसते का ते बघता येतं. दर महिन्याला बघतेच मी.

पारोळा

आमचं जुनं धाब्याचं घर पाडायचं ठरलं तेव्हा भंगारवाला सगळं लाकूड एका रकमेत मागत होता. सर, खांब, कड्या, सगळा साग, आजोबांच्या वडिलांनी बैलगाडीने आणलेला असं घरात सांगतात. मला देववेना. वडील काही बोलले नाहीत पण रोज जाऊन त्या ढिगाजवळ बसायचे. शेवटी मी ते सॉ मिलवर नेलं, तिथे आधी नकारच मिळाला कारण जुन्या लाकडात खिळे असतात आणि पातं तुटतं, मग आम्ही दोघा भावांनी चार दिवस बसून एकेक खिळा शोधून काढला, काही तर हाताने घडवलेले चौकोनी खिळे, ते डब्यात ठेवलेत. पहिली कडी चिरली आणि जो वास आला ना, एवढ्या वर्षांनी आतून ताजा साग, तेलकट, सोनेरी. वडील तिथेच उभे होते, त्यांनी फळीवरून नुसता हात फिरवला.

त्याचा १२ बाय १० चा डेक केलाय, निंबाच्या सावलीत आणि वर पत्र्याची पडवी. उघड्यावर ठेवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे पाऊस कमी पडतो पण जूनमध्ये तापलेल्या लाकडावर एकदम पाणी पडतं, तेव्हाच ते तडकतं. दोन फळ्यांमध्ये बोटाची पेरं मावतील एवढी नाही, पण पाच-सहा मिलिमीटर फट ठेवलीये, पाणी खाली जातं आणि लाकडाला फुगायला जागा राहते. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, जवसाचं तेल. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं, ती पसरून वाळवायची.

रावेर

लाकूड असेल तर भरीत कुठे भाजणार? आमच्याकडे थंडीत पाहुणे आले की मागेच कपाशीच्या काड्या पेटवून वांगी टाकतो, पंधरा-वीस माणसं असतात, ठिणग्या उडतात, निखारे पायाने सरकवले जातात. मांड्यांचं खापरही तिथेच मांडतो. म्हणून चुलीच्या बाजूला आठ फूट तरी मोकळी माती किंवा दगड ठेवाच.

मूळ अमळनेर, सध्या मिनेसोटा

इथे घरोघर डेक का असतो ते इथे राहायला आल्यावर कळलं. घराला तळघर, त्यामुळे मागचं दार जमिनीपासून तीन-चार फूट वर उघडतं, मग बाहेर पडायला डेकच लागतो. आपल्याकडे दार अंगणाच्या पातळीला, ती गरजच नाही. जमीन मात्र इथेही फुगते, ती गोठून. म्हणून खांबांचा पाया साडेतीन ते पाच फूट खोल घ्यावा लागतो. मुरमाचं वाचलं आणि लगेच ते आठवलं.

आमचा डेक जुना होता, हिरवट लाकडाचा. नंतर कळलं की २००३ च्या शेवटपर्यंत इथे घरगुती लाकडाला आर्सेनिक असलेलं औषध मारत, त्यानंतर ते बंद झालं. मुलगी तेव्हा रांगत होती, आम्ही सगळा उखडला. आणि डेक घराच्या भिंतीला जोडणार असाल तर नुसत्या खिळ्यांवर ठेवू नका, बोल्ट लावा, इथे डेक कोसळतात ते बहुतेक वेळा तिथूनच. दर दोन-तीन वर्षांनी घासून रंग द्यावा लागतो, त्यात माझे दोन शनिवार-रविवार जातात.

नंदुरबार

आमच्याकडे एका बाजूला कोटा फरशी आहे, एका बाजूला शहाबादी, पडवीत थोडं लाकूड, म्हणून तिन्हीचं सांगते. मे मध्ये दुपारी तीनला दगडावर अनवाणी दोन पावलं टाकता येत नाहीत, उन्हातल्या लाकडावर कसंबसं जाता येतं. पण खरा फरक रात्री. दगडाने दिवसभर पिलेली गरमी तो दहा-अकरापर्यंत सोडत राहतो, जवळ बाज टाकली तर झळ लागते, लाकूड सूर्य मावळल्यावर लगेच निवतं. संध्याकाळी शहाबादीवर दोन बादल्या पाणी मारलं की तासाभरात बसण्यासारखं होतं, तो मातीचा वासही येतो. घरात म्हातारं माणूस असेल तर पॉलिश केलेला कोटा बाहेर अजिबात लावू नका. माझ्या सासूबाई श्रावणात त्यावरून घसरल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, अजून काठी घेऊन चालतात. आम्ही नंतर तो टाचून खरबरीत करून घेतला, ते आधीच करायला हवं होतं. आणि हे दोन्ही दगड चुन्याचे, ॲसिडने धुतले की खातं, आमच्याकडे चुलीजवळ कोकमाचे आणि लिंबाचे सुद्धा डाग पडलेत.

शिरपूर

डब्ल्यूपीसीचा, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या फळ्यांचा डेक आहे, तीन वर्षं. वाळवी नाही, तेल नाही. पण गडद रंग घेतला ती चूक, उन्हात लाकडापेक्षा जास्त तापतो. उष्णतेने फळ्या लांबतात, टोकाला फट ठेवली नव्हती म्हणून दोन फळ्या वर उचलल्या गेल्या.

जळगाव (धागा सुरू केला तो मीच)

सगळ्यांचे मनापासून आभार. भुसावळच्या दादांचं वाचून काल एका कोपऱ्यात खड्डा घेतला, तीन फुटांवर मुरूम लागला, तेवढी माती आता काढणारच. घराला लागून १० फूट पडवीखाली सागाचा डेक आणि पुढे खरबरीत शहाबादी, असं चाललंय. पारोळ्याच्या भाऊंनी सॉ मिलचं नाव व्यक्तिगत कळवलं तर बरं, आमच्या मामांकडेही जुन्या कड्या पडून आहेत. आईने आज सकाळी चुन्याने रेघ मारून चुलीची जागा दाखवली, वाऱ्याची दिशा बघून.