केमिस्ट्रीच्या मुलांना चॅटबॉट वापरू द्यायचाय, पण त्यांची चूक कशी वाचवू?

ब्युरेट (प्रश्न)

मी तालुक्याच्या कॉलेजात एफ.वाय.बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवते. १९ वर्षं झाली. दरवर्षी एक गणित हमखास घालते: हायड्रोक्लोरिक आम्लाची संहती (पाण्यातलं प्रमाण) १० चा उणे ८ वा घात मोलर असेल तर पीएच किती? (पीएच ७ च्या खाली म्हणजे आम्ल, वर म्हणजे आम्लारी, म्हणजे बेस.) पूर्वी निम्मा वर्ग सूत्रात आकडा टाकून ८ काढायचा. मग मी विचारायचे, "आम्लात नुसतं पाणी घालत गेलं तर ते आम्लारी होईल का रे?" वर्ग गप्प. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, "मॅडम, पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन आपण धरलेच नाहीत." तिथून पुढे अर्धा तास पोरं एकमेकांशीच भांडायची. बरोबर उत्तर ६.९८ आहे, पण तो अर्धा तास त्या ८ मुळे मिळायचा.

गेली दोन वर्षं ८ कुणाचंच येत नाही. सगळ्यांच्या वह्यांत ६.९८, तेही वर्गसमीकरण मांडून. व्हायवाला "८ का नाही?" म्हटलं की मान खाली.

चॅटबॉटवर बंदी मला घालायची नाही, आणि त्याचं कारण माझ्याच वर्गात आहे. एक मुलगी रोज एसटीने येते, दहावीपर्यंत मराठी माध्यम. वर्गात तोंड उघडत नाही. तिने मला फोनवर तिचं चॅटबॉटशी झालेलं संभाषण दाखवलं. बफर द्रावणात थोडं आम्ल घातलं तरी पीएच फारसा का बदलत नाही, हे तिने रात्री अकरानंतर सहा वेळा, सहा तऱ्हांनी विचारलं होतं. मला म्हणाली, "तुम्हाला सहाव्यांदा कसं विचारू, मॅडम?" हे ऐकून मला वाईट वाटलं आणि आनंदही झाला.

पण त्याच संभाषणात एक वाक्य होतं, "आम्ल आणि क्षार यांच्यातून लवण तयार होते." हे हिंदीतलं. आपल्या दहावीच्या पुस्तकात आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार बनतो. म्हणजे जो शब्द तिला सॉल्टसाठी शिकवलाय, तोच तिथे बेससाठी आला. ती दोन दिवस गोंधळात होती.

तुमच्यापैकी कुणी वर्गात हे नीट बसवलं आहे का? मुलांना आधार मिळावा, पण त्यांची चूक आधी त्यांच्या हातून व्हावी, असं काही?

टी.वाय.चा विद्यार्थी

मॅडम, खरं सांगतो. सबमिशन उद्या असेल तर आम्ही उत्तरच मागतो, समजून घेत बसत नाही. मार्क वहीला असतील तर वही भरणारच. मला स्वतःला फायदा एकाच वेळी झाला. सेमिस्टरच्या आधी मी चॅटबॉटला म्हटलं, तू परीक्षक हो, मला प्रश्न विचार आणि मी अडलो तरी उत्तर देऊ नकोस. टायट्रेशनवर (एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने घालून संहती मोजणं) वीस मिनिटं पिदवलं त्याने. दुर्बल आम्ल आणि प्रबल आम्लारी घेतल्यावर रंग बदलून शेवट दाखवायला फिनॉल्फ्थॅलीनच का, मिथिल ऑरेंज का नाही, हे मला तेव्हा कळलं. दोन वर्षं प्रॅक्टिकल करून कळलं नव्हतं.

दूरदेशीचा टीए

अमेरिकेत शिकतोय आणि शिकवतोयही, म्हणून लिहितो. तुमच्या शंकेला आधार देणारा एक मोठा प्रयोग झाला आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तुर्कस्तानात जवळजवळ १,००० शाळकरी मुलांवर तो गणितात केला. साधा चॅटबॉट हाताशी असताना सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. नंतर तो काढून परीक्षा घेतली, तर ज्यांना तो मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा या मुलांचे गुण १७ टक्क्यांनी कमी आले. तिसऱ्या गटाच्या बॉटला शिक्षकांनी आधीच सूचना दिल्या होत्या: इशारा द्यायचा, उत्तर नाही. त्या गटाचं हे नुकसान जवळजवळ झालंच नाही.

हार्वर्डमध्ये २०२३ साली पदवीच्या भौतिकशास्त्राच्या १९४ विद्यार्थ्यांबरोबर झालेल्या प्रयोगात तर बॉटकडून शिकणारे वर्गात शिकणाऱ्यांच्या पुढे गेले. पण तिथे प्रत्येक प्रश्नाची पायरीवार उत्तरं शिक्षकांनी स्वतः लिहून बॉटला पुरवली होती आणि एका वेळी एकच पायरी पुढे करायला सांगितलं होतं. दोन्हीकडे राबले ते शिक्षकच. तुमच्या विषयात ते काम तुम्हीच करू शकता, आणि मराठीतून करणारं तर फारसं कुणी नाही.

आम्लारी

मीही रसायनशास्त्राचाच, आता निवृत्त. क्षाराचा गोंधळ मी स्वतः तपासून पाहिला. सुरुवातीलाच चार ओळी दिल्या तर बॉट बराच सुधारतो: ॲसिड म्हणजे आम्ल, बेस म्हणजे आम्लारी, अल्कली म्हणजे अल्क, सॉल्ट म्हणजे क्षार. संभाषण लांबलं की पुन्हा घसरतो, तेव्हा त्या ओळी परत द्याव्या लागतात. मुलींना आणि मुलांना ही यादी जर्नलच्या पहिल्या पानावर चिकटवायला सांगा.

ब्युरेट

सर्वांची आभारी आहे. तीन आठवडे करून पाहिलं, ते लिहिते.

मी मराठीत एक मजकूर तयार केला. सरांच्या चार ओळी वर, आणि खाली असं: "मी आधी माझं उत्तर आणि कारण लिहीन. ते चूक असेल तर बरोबर उत्तर सांगू नकोस. माझं उत्तर कुठे अडेल असा एकच प्रश्न मला विचार." हा मजकूर सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला. मोडायचा म्हटलं तर कुणीही सहज मोडेल, म्हणून वहीचे मार्कच काढून टाकले आणि ते दोन मिनिटांच्या तोंडीला दिले. विभागप्रमुखांना पटवायला आठवडा गेला. २२ जणांची बॅच दोन-दोन मिनिटांत संपत नाही, एक प्रॅक्टिकल पूर्ण जातं. ते गेलं तरी चालेल असं माझं मत झालंय.

वर्गात पहिली दहा मिनिटं मात्र कागद आणि पेनच, गणित तेच. फोन दप्तरात, खाडाखोड करायची नाही, या कागदाला गुण नाहीत. १३ जणांनी ८ लिहिलं. ते कागद मी जपून ठेवलेत. घरी जाऊन त्यांनी तेच ८ बॉटला दिलं. एकाला बॉटने विचारलं, "शुद्ध पाण्याचा पीएच किती, आणि तो कुठून येतो?" दुसऱ्या दिवशी तो पोरगा दारातच उभा होता, तास सुरू व्हायच्या आधी.

एसटीने येणारी मुलगी परवा तोंडीला आली. मी ८ का नाही विचारलं, तिने सांगितलं. मग उठली नाही. म्हणाली, "मॅडम, मग १० चा उणे ७ वा घात घेतला तर ७ पण येणार नाही ना?" खडू तिच्या हातात दिला. मांडत गेली, मध्ये एकदा पुसलं, पुन्हा मांडलं. ६.७९ आलं.