शेततळ्यात शिंगाडा लावायचा आहे, मदत हवी

मंडळी, आम्ही हिंगोली जिल्ह्यातले शेतकरी. सोयाबीन, हळद, थोडी तूर. शेतात दोन तळी आहेत. एक प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं, त्यात रोहू-कटला सोडलेत. दुसरं वडिलांनी ओढ्याकडेला खोदलेलं. त्याला कागद नाही, तळाशी काळा गाळ भरपूर. पावसाळ्यात काठोकाठ भरतं, पण होळीच्या आत कोरडं पडतं. घरात उपवास धरणारी माणसं जास्त, शिंगाड्याचं पीठ सतत लागतं. म्हणून यंदा शिंगाडा करून बघायचं मनात आहे, पण आमच्या भागात विचारावं असं कोणी नाही.

दोन्हींपैकी कोणत्या तळ्यात लावावा? किराणा दुकानातले सुके शिंगाडे बियाणं म्हणून चालतील का? आणि इंटरनेटवर कुठे 'चिखलात कंद लावा' लिहिलंय, कुठे 'वेल पाण्यावर तरंगतो' लिहिलंय. यातलं खरं काय? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद

भाऊ, माझं माहेर भंडाऱ्याचं, आता नांदेडला असते. तिकडे मामा तलावांत, म्हणजे माजी मालगुजारी तलावांत, ढीवर समाजाची माणसं शिंगाडा घेतात, ते लहानपणापासून पाहिलंय.

आधी कंदाचं. चिखलात कंद लावतात ते चिनी वॉटर चेस्टनट. ते लव्हाळ्याच्या कुळातलं, गवतासारखं वाढतं. आपला शिंगाडा वेगळा, ट्रापा प्रजातीतला. आता त्याला डाळिंब आणि मेंदीच्या कुळात धरतात. मुळं गाळात, खोड पाण्यातून वर येणारं आणि पृष्ठभागावर पानांचा गोल पसरलेला झुबका. पानं पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची, कडेला दातेरी. देठ मधोमध फुगलेला आणि आतून स्पंजासारखा असतो, त्याच्या जोरावरच झुबका तरंगतो. चार पाकळ्यांचं पांढरं फूल पाण्याच्या वर उमलतं. फलधारणा झाली की दांडा खाली वळतो आणि फळ पाण्याखाली पोसतं. आपण खातो तो त्या फळातला एकुलता एक बी. फळाची शिंगं म्हणजे फुलाची निदलंच (पाकळ्यांखालची हिरवी दलं), पुढे टणक झालेली.

म्हणून तुमचं गाळाचं जुनं तळंच योग्य. कागदावर मुळांना धरायला काही नाही, आणि पिकलेली फळं गळून तळाशी बसली की शिंगं कागदाला टोचतील. शिवाय झुबक्यांनी पाणी झाकलं की खाली उजेड आणि प्राणवायू कमी पडतो, मासे गुदमरतात. तळं उन्हाळ्यात आटतं याची काळजी नको. जून-जुलैमध्ये लागवड, ऑक्टोबर ते डिसेंबर तोडणी, एका हंगामाचंच पीक.

सुके शिंगाडे अजिबात नकोत. बी एकदा वाळलं की उगवत नाही. डिसेंबरात पूर्ण पिकलेली फळं घेऊन पाण्याच्या रांजणात ठेवायची, पाणी बदलत राहायचं. उन्हाळ्यात थोडं पाणी टिकणारा हौद असेल तर त्यात रोपं करता येतात. नसेल तर पहिल्या वर्षी सरळ वेलच आणा. वेलाचं टोक पायाच्या अंगठ्याने गाळात रोवतात. पुढे पानांवर भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या येतात, पानाची चाळण करतात. सुरुवातीलाच खराब पानं काढून टाका. फवारणीचा विचार करू नका, ते सगळं त्याच पाण्यात उतरतं आणि फळ तिथेच पोसत असतं.

आणि हे मनावर घ्या: जनावरं उतरतात किंवा सांडपाणी येतं अशा तळ्यातला कच्चा शिंगाडा दाताने सोलून खाऊ नये. सालीला आतड्यातल्या चपट्या कृमीची पिल्लं चिकटलेली असू शकतात. उकडूनच खा, विशेषतः लेकरांना तसाच द्या.

धागाकर्ता

ताई, मनापासून आभार. जुनं तळं नक्की केलं. ओढ्यातून म्हशी खाली उतरतात, तिथे काट्यांचं कुंपण घालतो. आता एकच अडचण: वेल भंडाऱ्याहून हिंगोलीपर्यंत आणायचे तर ओल्या पोत्यात किती वेळ तग धरतात? नांदेड-परभणीकडे कोणी लावत असेल तर कृपया इथेच कळवा, मृगाच्या आत व्यवस्था करायची आहे.