टिळकांचा १९०८चा खटला आणि ज्युरी

भारतात ज्युरी पद्धत, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष याचा कौल नागरिकांच्या मंडळाने देण्याची पद्धत, टिकली असती तर सामान्य माणसाला जास्त न्याय मिळाला असता, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. ज्युरीत कोण बसतं यावर सगळं ठरतं. १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा नऊ ज्युरर होते, त्यांतले सात युरोपीय! 'केसरी'तले मराठी लेख त्यांच्यापुढे आले ते इंग्रजी भाषांतरातून. टिळकांनी स्वतः कित्येक दिवस बाजू मांडली, तरी सात विरुद्ध दोन असा दोषी ठरवणारा कौल. सहा वर्षं मंडाले. मला जास्त अस्वस्थ करतात ते हा खटला चालवणारे न्यायमूर्ती दिनशा दावर. टिळकांवरच्या आधीच्या, १८९७च्या राजद्रोह खटल्यात वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून देणारे हेच. या वेळी जिनांनी मांडलेला टिळकांचा जामीनअर्ज त्यांनीच फेटाळला.