मदत हवी आहे: वाचनालयातली जुनी पुस्तकं स्कॅन करून जर्मनीला पाठवता येतील का?

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं सार्वजनिक वाचनालय आहे. मी तिथला कार्यवाह, बिनपगारी. जुन्या कपाटाला कसर लागलीय. पान उलटलं की कोपरा हातात येतो, म्हणून गेल्या दिवाळीपासून स्कॅनिंग सुरू केलं.

आता जर्मनीत पीएचडी करणाऱ्या एका मराठी मुलीचा मेल आलाय. तिला दोन पुस्तकं हवीत. पहिलं १९३४ सालचं, लेखक १९६१ मध्ये वारले. दुसरं १९६८ सालचा तालुक्याचा इतिहास, २१२ पानं. त्याचे लेखक १९८७ मध्ये गेले, प्रकाशन संस्था कधीच बंद पडली, बाजारात प्रत नाही. ती म्हणते, "काका, नुसती पीडीएफ तर पाठवायचीय!" आमच्या कमिटीतले वकीलसाहेब म्हणतात, "हात लावू नका, कॉपीराइट आहे." खरं काय?

– कसर

झेरॉक्सवाला: बिनधास्त पाठवा. दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी खटल्यात २०१६ सालीच निकाल लागलाय, शिक्षणासाठी सगळं चालतं.

पानपलटी: झेरॉक्सवाले, सगळं नाही हो. तो निकाल कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(आय) वर होता, म्हणजे शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात शिकवण्याच्या ओघात होणाऱ्या प्रतींवर. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची कोर्सपॅक होती ती, म्हणजे पुस्तकांतल्या निवडक भागांच्या झेरॉक्सचे संच. वाचनालयाने परदेशी मेल करणं त्यात कुठे बसतं?

कसर, तुमच्या कामाचं कलम ५२(१)(एन). २०१२ च्या दुरुस्तीत आलं. ना-नफा सार्वजनिक वाचनालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी ती डिजिटल करून ठेवता येते. म्हणजे स्कॅनिंग पक्कं कायदेशीर, वकीलसाहेबांना सांगा. शिवाय पुस्तक भारतात विकत मिळत नसेल तर वाचनालयाच्या वापरासाठी तीन प्रतींपर्यंत करता येतात. पण दोन्हीकडे शब्द नीट वाचा: 'जतनासाठी' आणि 'वाचनालयाच्या वापरासाठी'. वाटण्याचं नावही नाही.

पहिल्या पुस्तकाची चिंताच नको. मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं, म्हणजे २०२१ संपलं तेव्हा हक्कही संपला.

कसर: पण जर्मनीत ७० वर्षं असतात ना? मग तिकडे ते २०३१ पर्यंत अडकलेलं नाही का?

ऱ्हाइनकाठची: मी इकडे विद्यापीठ ग्रंथालयात काम करते. नाही अडकत. युरोपीय संघाबाहेरच्या पुस्तकाला इथे सहसा मूळ देशापेक्षा जास्त मुदत मिळत नाही. भारतात संपलं की इथेही संपलं. खुशाल पाठवा.

मात्र अमेरिकेतल्या एखाद्या संकेतस्थळावर चढवणार असाल तर थांबा. तिथे १९९६ साली परदेशी पुस्तकांचे हक्क पुन्हा जिवंत केले गेले आणि तेव्हा तुमचं पुस्तक भारतात हक्काखाली होतं. त्यामुळे तिकडे प्रकाशनापासून ९५ वर्षं, म्हणजे २०२९ च्या अखेरपर्यंत. एकच पुस्तक, सांगलीत मोकळं आणि अमेरिकेत कुलुपात!

दुसऱ्या पुस्तकाचं सांगते. आमच्याकडे ग्रंथालयाला वाचकाच्या मागणीवरून पुस्तकाचा १० टक्के भाग पाठवता येतो, म्हणजे तुमची २१ पानं. स्वतःच्या संशोधनासाठी संशोधकाला ७५ टक्क्यांपर्यंत प्रत काढता येते. पण ही सवलत जर्मन कायद्याची. सांगलीतून पाठवणाऱ्याला भारताचाच कायदा लागू. ग्रंथालयांच्या सवलती सगळ्या देशांना बांधणारा करार अजून झालेला नाही, जिनिव्हात वायपोच्या (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या) समितीत नुसती चर्चाच चालू आहे.

आणि गंमत बघा. हीच मुलगी अंध असती तर दोन देशांतल्या अधिकृत संस्थांमार्फत अख्खं पुस्तक तिला वाचता येईल अशा रूपात गेलं असतं. २०१३ चा माराकेश करार त्यासाठीच आहे, आणि तो सगळ्यात आधी मान्य करणारा देश भारत, जून २०१४ मध्ये.

पानपलटी: ताई म्हणतात ते बरोबर. आपल्याकडे ५२(१)(ए) मध्ये खासगी संशोधनासाठी रास्त वापर आहे, पण त्याला टक्केवारी नाही. हवं ते एखादं प्रकरण पाठवलं तर तुमची बाजू बळकट, अख्खी २१२ पानं पाठवलीत तर लंगडी. दुसऱ्या पुस्तकाचा हक्क २०४७ संपेपर्यंत आहे. वारस शोधा, लेखी परवानगी घ्या. सापडलेच नाहीत तर कलम ३१ए चा परवाना आहे, पण त्यासाठी वर्तमानपत्रात जाहिरातीपासून सुरुवात. एका पीएचडीसाठी एवढा घाट कोण घालणार?

कसर: मंडळी, आभारी आहे. पहिलं पुस्तक आज रात्रीच पाठवतो. दुसऱ्यातलं तिला मुख्यतः दुष्काळाचं प्रकरण हवंय, १८ पानं, ती पाठवतो. आमच्या ग्रंथपाल बाई म्हणतात की लेखकांचे नातू मिरजेत असतात, त्यांचं औषधांचं दुकान आहे. रविवारी जाऊन येतो. परवानगीपत्रात नक्की काय लिहून घ्यायचं? कुणाकडे मराठीत नमुना असेल तर इथेच डकवा.