मदत हवी आहे: थायरॉईड आटोक्यात, पण आईचं मन अजून उदास

नमस्कार मंडळी, आईबद्दल विचारायचंय. वय ६२. दिवाळीपासून गप्प गप्प असते. भिशीला जात नाही. भाजी निवडता निवडता हात थांबतो आणि तशीच बसून राहते. 'वय झालं की असं होतंच,' असं नातेवाईक म्हणतात. मला अजिबात पटत नाही.

रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की वाढणारं हार्मोन) १८ आलं, म्हणजे बरंच जास्त. थायरॉईड कमी पडलं की मनही मंदावतं, लक्षणं नैराश्यासारखीच दिसतात, असं डॉक्टरांनी समजावलं. थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी, चहा तासाभराने, कॅल्शियम चार तासांनी, सगळं काटेकोर पाळतोय (चहावरून रोज थोडी कुरबुर होते). आता टीएसएच ३ वर आलंय. सूज आणि बद्धकोष्ठता गेली, पण उदासी तशीच आहे.

कुणाच्या घरी असं झालंय का? मन सावरायला जास्त वेळ लागला, की नैराश्याचे वेगळे उपचार घ्यावे लागले? बी१२ तपासून घेतलं होतं का?

मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढलं की आई म्हणते, "मला काय वेड लागलंय?" टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पण तिला त्यासाठी तयार कसं करायचं? ज्यांनी घरातल्या मोठ्यांना राजी केलंय, त्यांनी नेमकं काय बोललात ते कृपया सांगा.